देशोदेशीच्या फुलांचं बाशिंग

माय,

तुला अक्षरओळख नव्हती, हे एका अर्थी बरंच. तू असतीस आणि मी हे लिहिलं असतं, तर कुणाला तरी बसवून तुला वाचून दाखवायला लागलं असतं, आणि मग मी एवढं लिहिलंच नसतं. आता वाचणारं कोणी नाही, म्हणून लिहिते आहे. शाळा सुटून घरी आले, चहा झाला. टेबलावर कात्री, चिमटा, डिंकाची वाटी आणि पतंगी कागदाचे तुकडे पडले आहेत. पंखा बंद ठेवला आहे, कारण माझी फुलं आता इतकी बारीक झाली आहेत की पंख्यानं उडून जातात. परवा मलेशियाची जास्वंद अशीच उडाली, घरभर शोधली, आणि शेवटी माझ्याच केसांत सापडली. लेक तेव्हा घरी असती तर पोट धरून हसली असती. मला हसू आलं नाही. मला हल्ली फारसं काही येत नाही, हसू नाही की रडू नाही. सांगायचं ते या न येण्याबद्दलच आहे, पण आधी बाकीचं सांगते, नाहीतर तुला काही उमगायचं नाही.

आपलं पांढुर्णा आता जिल्हा झालं. तिथं कलेक्टर बसतो. आपली गल्ली मात्र आहे तशीच आहे, फक्त घरं पक्की झाली. मी इकडे सौंसरलाच आहे, लहान मुलांना शिकवते. वर्गात हिंदी आणि घरी मराठी, आपल्याकडे सगळ्यांचं असतं तसंच माझंही. दरवर्षी मी फळ्यावर लिहिते, राष्ट्रीय पुष्प कमल, आणि पोरं ते वहीत उतरवतात. एकदा पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, “मैडम, और बाकी देशों का कौन सा फूल है?” मला कुठं ठाऊक होतं! “कल बताऊँगी,” म्हटलं, मास्तरणीला सुचतं ते. संध्याकाळी तुझे जावई तहसीलीतून आले, हातपाय धुतले, आणि आम्ही दोघं मोबाइलमध्ये डोकं घालून बसलो. तर काय, थायलंड देशाचं फूल म्हणजे आपला बहावा निघाला, रामाकोन्याच्या रस्त्यावर उन्हाळ्यात पिवळाधमक लटकतो ना, तोच. फिलिपाइन्सचा मोगरा. मलेशियाची जास्वंद, जी आपल्या मागच्या कुंपणाला होती आणि जिच्यावरून तू शेजाऱ्यांच्या बकरीला रोज शिव्या घालायचीस. तुझे जावई म्हणाले, “म्हंजे तुह्या मायच्या कुंपनावर देशोदेशीचे राजे उभे होते, आन बकऱ्या त्याइले खाऊन राह्यल्या होत्या.”

शाळेसाठी म्हणून मी ती फुलं कागदाची केली. आधी तळहाताएवढी केली, मग अंगठ्याएवढी, आणि मग लहान करत जायचा नादच लागला. आता एक फूल सदऱ्याच्या बटनावर बसतं. जो देश त्याची भाषा, आणि त्या भाषेत फुलाला जो शब्द आहे तो एका पाकळीवर त्यांच्याच लिपीत लिहायचा, भिंगाखाली धरून. शब्द मोबाइल बोलून दाखवायचा आणि हे त्याच्या मागे म्हणायचे. मलेशियात बुंगा, जपानात हाना, श्रीलंकेत मल. फिलिपाइन्सचा शब्द त्यांना फार आवडला, बुलाक्लाक. जेवताना म्हणायचे, “आज वरनात बुलाक्लाक कमी पडलं वाटते.” मी म्हणायची, जास्त पडलं असतं तर तुम्हाला खाता आलं नसतं. असं आमचं चालायचं. तहसीलीतला बाबू माणूस, दिवसभर जमिनीचे खसरे काढायचा आणि संध्याकाळी जपानी बोलायचा.

मागच्या दिवाळीनंतर ते गेले. सकाळी अंगणात खुर्चीवर चहा पीत बसले होते. मी आतून विचारलं, अजून हवा का, उत्तर आलं नाही. मला वाटलं पेपरात गुंतले असतील. बाहेर आले तर कप तसाच हातात होता. घर माणसांनी भरलं, बायका माझ्याभोवती बसल्या, आणि सगळ्या वाट पाहत होत्या. माझी नणंद पाठीवरून हात फिरवत म्हणत होती, “रड वं, रडून घे, मोकळी होशीन.” मी तिच्याकडे पाहत होते आणि मनात एवढंच येत होतं की हिची बांगडी पाठीला टोचते आहे. पाणी आलंच नाही डोळ्याला. तेरवी झाली, पाहुणे गेले, आणि मी अर्धी राहिलेली जास्वंद पुढे घेऊन बसले. पाकळ्या नीट बसल्या. हात उलट पूर्वीपेक्षा स्थिर झाला होता. शब्द लिहिला, पण मोबाइलला बोलू दिला नाही. तेव्हापासून मी मुकी फुलं करते आहे. चांगली होतात, लोक मागवतातही. कोणी विचारलं कशी आहेस, तर मी म्हणते ठीक आहे, आणि ते खोटं नसतं. बधिर केलेला दातसुद्धा ठीकच असतो.

कात्री तुझीच आहे. बाबा असतानाची तू मला आठवतेस ती ओट्यावर बांबूच्या कामट्यांचा ढीग घेऊन बसलेली. मागे चुलीवर खळ रटरटते आहे, तिचा आंबूस वास घरभर आहे, आणि तू बेगड कापते आहेस, लाल, हिरवी, सोनेरी. लग्नसराईत पांढुर्ण्यात बाशिंग म्हटलं की तुझंच. लोक म्हणायचे, हिच्या हातचं बाशिंग बांधलं की काळा नवरदेवही उजळतो. कोणी लग्नाचं पोरगं उगीच आपल्या ओट्याशी घुटमळलं की तू त्याला सोडायची नाहीस, “काहून रे, गुडघ्याले बांधू का?” असं विचारायचीस, आणि ते लाजून पळायचं. मग बाबा तापानं गेले. कापसाच्या जिनिंगमधून आले, अंथरुणाला लागले आणि उठलेच नाहीत. मी तेव्हा शाळेत जाणारी, पण सगळं समजणारी. तुला कुणी काही बोललं नाही, हे मला पक्कं आठवतं. बोललं असतं तर तू भांडली असतीस. एक बाई आधी सांगितलेलं बाशिंग न्यायला आली. तिनं ते हातात घेतलं, खाली-वर पाहिलं, आणि फार हळू आवाजात विचारलं, “हे पह्यलेचं हाये ना? मंजे, त्याइच्या पह्यलेचं?” तू म्हणालीस, “हो बाई, पह्यलेचंच हाये.” ते पहिलेचं नव्हतं. आदल्या दिवशी तू ते पुरं केलं होतंस. ती गेली तशी तू उठलीस, कामट्या बांधून माळ्यावर टाकल्यास, आणि नंतर कधी लग्नाचं बाशिंग केलं नाहीस. पोळ्याची मात्र करत राहिलीस. बैलाला विधवेचा हात चालतो. वर्षभर तू बैलांची बाशिंगं करायचीस, पोळ्याच्या आधी ती बाजारातल्या दुकानात जायची, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सगळं गाव गोटमारीला, दगडांची लढाई खेळायला, नदीवर लोटायचं तेव्हा तू तो दिवस झोपून काढायचीस.

आणि मग ते बैलाच्या बाशिंगाचं झालं. लेकीला मी हे परवाच फोनवर सांगितलं, तिचा विश्वास बसेना. रामाकोन्याकडचं एक वऱ्हाड पांढुर्ण्यात येऊन बसलेलं, पोरीकडे जायला निघालेलं, आणि बसमध्ये गर्दीत कुणीतरी नेमकं बाशिंगाच्या खोक्यावर बसलं. चुरा झाला. मुहूर्त तोंडावर आला. बाजारात धावले, तर दुकानात लग्नाचं एकही बाशिंग शिल्लक नाही. दुकानदार हुशार. त्यानं माळ्यावरचं, मागच्या पोळ्याचं उरलेलं, तुझ्या हातचं बैलाचं बाशिंग काढलं, दोन्ही बाजूंनी छाटलं, गोंडे कमी केले आणि दिलं ठोकून. आठवड्यानं तो आपल्याकडे आला आणि हसत हसत तुला सांगायला लागला, “मावशी, तुमचं बाशिंग नवरदेवाले चढलं ना! असा शोभला का विचारू नका, निसता हंबरायचा राह्यला होता.” मी फिदीफिदी हसले. तू हसली नाहीस. तुझ्या हातातली कात्री खाली पडली आणि तू त्याला म्हणालीस, “कोनाच्या कपायी बांधलं ते? नाव सांग. गाव सांग.”

तिथून पुढे तुझं काय चाललं होतं ते आठवलं की मला अजून नवल वाटतं. रामाकोन्याचं माणूस दिसलं की तू आडून आडून विचारायचीस, तो पोरगा बरा हाये ना, अमक्याचा तमका, मागच्या वर्षी लग्न झालं थो. एकदा कुणीतरी सांगितलं, तो अंथरुणावर आहे. तू मला ओढत बसमध्ये घातलंस आणि आपण थेट त्यांच्या दारात. बहाणा काय, तर म्हणे पोरगी पाहायला आलो. कुणासाठी, हे तुलाही सांगता येईना. तो ओसरीवर बाजेवर पडलेला होता, झाडावरून पडून पाय मोडलेला, आणि बायकोवर ओरडत होता की भाकर करपली. तू पाय बांधलेला पाहिलास आणि तुझा चेहरा असा फुलला, माय, की ती बाई तुला वेडी समजली असणार. “पायच ना? पायच हाये ना निसता?” हे तू तिला तीनदा विचारलंस. परत येताना मी म्हटलं, “माय, त्या बाशिंगावर बैलाचा हक्क होता, बैलावानीच दांडगा राहीन थो.” तू माझ्या पाठीत धपाटा घातलास. “हसू नको. कोनाच्या कुंकवाचा सवाल हाये. तुले नाई कयत.” त्या सोमवारपासून तू उपास धरलेस. परक्या बाईच्या नवऱ्यासाठी. किती वर्षं ते चालले मला ठाऊक नाही, मी सासरी आले तेव्हाही चालूच होते.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी तुला म्हटलं होतं, माझं बाशिंग तूच कर. तू वाटण वाटत होतीस, हात थांबवलाही नाहीस. “माह्या हाताचं तुह्या कपायी नाई लागाचं,” एवढंच. मी भांडले, दोन दिवस जेवले नाही, त्या रामाकोन्याच्या बैलाचं उदाहरणही दिलं. तू ढिम्म. शेवटी चौकातल्या शिंपीणकाकूंनी केलं, त्यांचे मिस्टर हयात होते, एवढीच त्यांची लायकी. ते बाशिंग एका अंगाला कललेलं होतं, बेगड सुटत होती आणि कामटीचं टोक कपाळाला लागत होतं. मंडपात मी पाटावर बसले, तू दाराशी उभी होतीस, आतल्या बाजूला. मधेच तू पुढे आलीस. तुझा हात वर आला, ते सरळ करायला, अगदी माझ्या कपाळाजवळ आला, आणि तिथूनच परत पदरात गेला. लग्नाच्या फोटोत ते वाकडंच आहे. त्या हाताचा मला राग आला होता, माय. खूप राग आला होता, आणि तो तू गेलीस तरी गेला नाही. एवढी फटकळ बाई तू, गल्लीला ऐकत नव्हतीस, आणि इथं कुणी न बोललेलं ऐकलंस, असं मला वाटत राहिलं. निघताना तू मला ही कात्री दिलीस. मी ती बरीच वर्षं कपाटात फेकून ठेवली होती.

आता लेकीचं लग्न आहे. नागपूरला तिच्याच ऑफिसातला मुलगा आहे, चांगला आहे. नणंद म्हणाली, “वर्साच्या आत उरकून टाका, नाईतर तीन वर्स थांबा लागन.” म्हणून उरकतो आहोत. सगळीकडे आता मोत्यांच्या मुंडावळ्या असतात, बाशिंग कोणी बांधत नाही. पण लेकीनं फोनवर सांगितलं, “आई, मला आजी करायची तसं बाशिंग हवं, आणि त्याच्यावर तुझी फुलं. सगळ्या देशांची. तू करायचंस.” मी हातातला चिमटा खाली ठेवला. मग म्हटलं, मी कसं करू? तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा चिडली. “इतक्या भाषांत फूल लिहितेस तू, त्यातल्या एका तरी भाषेत लिहिलंय का की नवरा गेलेल्या बाईनं हे करू नये?” मी म्हटलं, लिहिलेलं असेल बाई, आपल्याला वाचता कुठं येतं. ती हसली नाही. म्हणाली, “मग मी काहीच बांधणार नाही. बोडक्या कपाळानं उभी राहीन.” तुझीच नात आहे. आणि गंमत म्हणजे, कुणाचीच आडकाठी नव्हती. मी नणंदेला विचारलं, तिनं मोडता घातला तर सुटेन म्हणून, तर तीच म्हणाली, “कर ना वं. आता कोन पाह्यते हे?” विहीणबाईंना फोन केला, त्या म्हणाल्या, फोटो पाठवा, आमच्या मुलालाही तसंच करा. अडवणारं कोणी उरलं नाही. मीच उरले.

मागच्या आठवड्यात बसस्टँडवर तो रामाकोन्यावाला दिसला, इथल्या बाजारात अधूनमधून दिसायचा तोच. आता म्हातारा झाला आहे, पण धट्टाकट्टा. तंबाखूचा खर्रा चोळत उभा होता आणि बायको त्याला झापत होती की तिकिटाचे सुटे कुठं टाकलेस. केस दोघांचे पिकले आहेत. तिच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं. मी बराच वेळ त्यांच्याकडे पाहत उभी राहिले, माझी बस निघून गेली. तुझ्या हातचं बाशिंग बांधलेला माणूस तिथं उभा होता, सत्तरीला आलेला, खर्रा खात. आणि मला तू बोटही लावलं नाहीस. सवाष्णीच्या हातचं बांधलंस, कपाळाला टोचत होतं तरी बांधलंस. तुझा हात लागला नव्हता, माय, तरीही ते गेले. हे तुला कुणीतरी सांगायला हवं होतं. तू जे जपलंस त्यानं काहीच झालं नाही. तू ते सरळ केलं असतंस तरी चाललं असतं. त्या दिवशी घरी येऊन मी कामट्या भिजत घातल्या.

बाशिंगं झाली, दोन्ही. बेगड थोडीच लावली, बाकी सगळी फुलं. मध्ये कमळ, त्यावर फक्त फूल लिहिलं, ते मराठीलाही चालतं आणि हिंदीलाही. त्याच्या एका बाजूला बहावा खाली सोडला, दुसऱ्या बाजूला मोगरा. वर नेपाळचा लाल गुरांस, बांगलादेशाची पाण्यातली शापला, मेक्सिकोचा डेलिया, कडेनं जास्वंदी. भिंगातून पाहिलं तरच शब्द दिसतात, नाहीतर नुसती फुलंच. मोगरा लावताना मी मोबाइलला बुलाक्लाक बोलू दिलं, ते गेल्यापासून पहिल्यांदा. खोलीत तो आवाज झाला आणि त्याच्या मागे कोणी म्हणालं नाही. मला वाटलं आता रडू येईल. आलं नाही. मी पुढचं फूल घेतलं.

काल दोन्ही बाशिंगं पुरी होत आली. कान सरळ, तोल बरोबर, कुठं टोचत नाही, मी स्वतःच्या कपाळाला लावून पाहिलं. नवरदेवाचं संपलं. लेकीच्या बाशिंगाचा फक्त मागचा दोरा ओवून गाठ मारायची राहिली होती. मी दोरा ओवला, दोन्ही टोकं हातात धरली, आणि गाठ मारता येईना. टोकं दोनदा सोडली, दोनदा धरली. नवरा गेला तेव्हा जे झालं नाही ते तेव्हा झालं. इतक्या महिन्यांनी मला पहिल्यांदा काही वाटलं, आणि ती भीती होती. त्या रामाकोन्याच्या म्हाताऱ्याला मी डोळ्यांसमोर आणून पाहिलं, त्याचाही उपयोग झाला नाही.

मी उठले आणि शेजारणीला हाक मारली. ती कणकेचे हात धुऊन आली. तिचे यजमान तेव्हा त्यांच्या अंगणात मोटरसायकल पुसत होते, मला खिडकीतून दिसत होते. मी म्हटलं, “माह्या हाताले मुंग्या आल्या, जरा एवढी गाठ मारून दे ना.” तिनं मारली, पदराला हात पुसले आणि “काय सुंदर केलं वं” म्हणून गेली. तिला काही कळलं नाही. लेक आज दुपारी आली, बाशिंग पाहून गळ्यात पडली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सांगत सुटली आहे की हे पूर्ण माझ्या आईच्या हातचं आहे, गाठीसकट. मी तिला तसं म्हणू दिलं.